न्हाणीघराची फरशी

१

"आमच्या बाथरूमची फरशी उकरायची आहे," मुलगी म्हणाली. "तुमच्याकडे माणसं मिळतील का?"

पोलीस कचेरीच्या तळघरातल्या त्या खोलीत सहसा कुणी येत नसे, आणि आलंच तर वाट चुकून. वरच्या मजल्यावर ताज्या चोऱ्या आणि ताज्या मारामाऱ्या होत्या. खाली होती ती घरातून गेलेली आणि परत न आलेली माणसं, धूळ खात फडताळांवर रांगेनं लावून ठेवलेली. त्यांच्या शोधावर एक बाई नेमली होती. वरच्या साहेबांच्या मेहुण्याला तिनं एका चोरीच्या चौकशीला सारखं सारखं बोलावलं, तेव्हा मेहुणा सुटला आणि बाईची रवानगी तळघरात झाली. एकदा धरलं की सोडायचं नाही, हा तिचा स्वभाव. म्हणून अख्खं खातं तिला मागं चिकटबाई म्हणायचं आणि तोंडावर मॅडम.

"फरशी उकरायला गवंडी लागतो," चिकटबाई म्हणाली. "पोलीस कशाला?"

"खाली माझे बाबा आहेत म्हणून."

कोपऱ्यात गुडघा चोळत बसलेल्या हवालदारांचा हात थांबला. निवृत्तीला आलेले हे गृहस्थ एरवी भूकंप झाला तरी खुर्ची न सोडणारे. ते उठले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

मुलगी नुकतीच अठरा वर्षांची झाली होती. अठरा पूर्ण झाल्याशिवाय आपली तक्रार कुणी मनावर घेणार नाही, असं तिनंच ठरवून टाकलं होतं, आणि वाढदिवसाची वाट बघत ती थांबली होती. तिच्या वडिलांचं काचेचं दुकान होतं: आरसे, तसबिरींच्या चौकटी, खिडक्यांची तावदानं. लहानपणच्या दुखण्यानं त्यांचा डावा पाय आखूड राहिला होता. अकरा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी दुकान बंद करून ते निघाले ते घरी आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी पुलाखाली, नदीच्या काठावर त्यांचे बूट सापडले. नुसते बूट.

"आणि पुढच्याच आठवड्यात आईनं बाथरूमची फरशी बदलून घेतली," मुलगी म्हणाली. "आजीनं मला तेव्हाच सांगितलं होतं, तुझा बाप नदीत नाही, त्या फरशीखाली आहे. मी सात वर्षांची होते. तेव्हापासून मी चप्पल घालून आंघोळ करते."

"आईला कधी विचारलंस?"

"काय विचारू? ती मला जेवायला वाढते. ताप आला की उशाशी बसून राहते. आणि मी तिच्या हातांकडे बघत असते." मुलीचा आवाज इतका वेळ ठणठणीत होता, तो आता चिरकला. "मला एवढंच सांगा, आईनं मारलं का? हो असेल तर हो म्हणा. पण असं मधे लटकत ठेवू नका. मला आता त्या घरात राहवत नाही आणि सोडवतही नाही."

चिकटबाईला मुलांशी गोड बोलता येत नसे, आणि समोरची पोर तर आता लहानही नव्हती आणि मोठीही नव्हती.

"जे सापडेल ते सांगीन," ती म्हणाली. "साखर लावून सांगणार नाही. चालेल?"

"चालेल," मुलगी म्हणाली. मग जाता जाता दारातून वळली. "मी इथं आल्याचं आईला कळू देऊ नका. वाढदिवस म्हणून आज ती माझ्यासाठी लवकर घरी येणार आहे."

२

बूट अजून होते. कापडात बांधलेलं गाठोडं सोडलं तसा जुन्या चिखलाचा वास आला. तपकिरी चामड्याचा साधा जोड. फक्त डाव्या बुटाला बुचाचा तीन बोटं जाड तळ, आखूड पायाची उणीव भरून काढायला. दोन्हींवर नदीचा गाळ वाळून टणक झाला होता.

"बायकोच," हवालदार म्हणाले. "मॅडम, बाई दवाखान्यात औषधं द्यायच्या कामाला. नवरा नाहीसा, फरशी नवी. अजून काय त्यानं स्वप्नात येऊन सांगायला पाहिजे?"

"आणि धाकटा भाऊ? दुकान दोघांचं होतं, ते आता त्याच्या एकट्याचं आहे."

"मग दोघं मिळून."

"आणि त्याची आई?"

"तिचं नाव घेऊ नका. बिचारीनं पोटचा गोळा गमावलाय. तेव्हा इथंच, वरच्या व्हरांड्यात छाती पिटून सांगत होती की सुनेनं मारलं म्हणून. मी ऐकलंय कानांनी."

चिकटबाईनं बाही वर केली आणि बुटात हात घातला. बोटांच्या जागेपर्यंत नेला, टाचेपाशी आणला, मग दुसऱ्या बुटात घातला. मग म्हणाली, "हवालदार, तुमचा बूट काढा."

"मॅडम, नका. तुम्हालाच त्रास होईल."

त्यांनी बूट काढला. त्रास झाला. पण चिकटबाई मागं हटली नाही. नाक दुसरीकडे वळवून तिनं आत हात घातला आणि मग त्यांनाही घालायला लावला. हवालदारांच्या बुटात टाचेचा खळगा होता, अंगठ्याचा होता, पाचही बोटं ओळीनं उमटली होती. घामानं आणि वजनानं चामडं काळं, तुकतुकीत झालं होतं.

"आता ह्यात घाला."

हवालदारांनी नदीवरच्या बुटात हात घातला. त्यांच्या भुवया हळूहळू वर गेल्या. आतलं चामडं सपाट होतं, कोरं. कडेला डिंकाचा ओघळ सुकला होता, तोसुद्धा कुठं पुसला गेला नव्हता.

"सगळ्यांनी बाहेरचा चिखल पाहिला," चिकटबाई म्हणाली. "आत हात कोण घालतो? हवालदार, हे बूट त्यानं कधी घातलेच नाहीत."

३

काचवाल्याची बायको दारात उभी राहिली ती 'या' म्हणाली नाही आणि 'जा'ही म्हणाली नाही. दोन खोल्यांचं घर, सगळं जिथल्या तिथं. इतक्या वर्षांत पोलीस, शेजारी, नातेवाईक सगळ्यांनी डोळ्यांनी चाचपलेल्या बाईचा चेहरा जसा होईल तसा तिचा झाला होता. त्यावर काही दिसत नव्हतं.

"पुन्हा?" ती म्हणाली. "आता कुणी तक्रार केली?"

"तळघरात जुनं सगळंच तपासायला काढलंय," चिकटबाई म्हणाली. ते खरंच होतं. "बुटांबद्दल विचारायचं होतं. त्यांच्याकडे किती जोड असायचे?"

"एकच. नवा तयार झाला की जुना उस्तादाकडेच टाकून यायचे. बाजारामागच्या गल्लीत बसतो तो. त्या पायाचे बूट दुसऱ्या कुणाला जमायचे नाहीत. एकदा मी मोठ्या दुकानातून करून आणले तर आठवडाभर फोड घेऊन बसले होते."

"ते गेले तेव्हा नवा जोड करायला टाकला होता?"

"मला माहीत नाही. मला बरंच काही माहीत नसायचं."

हवालदारांनी पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत मान लांबवून न्हाणीघरात डोकावून घेतलं. चिकटबाईही उठून तिथं गेली. लहानशी जागा. भिंती जुन्या, रंग उडालेल्या, पण खाली फरशी वेगळी: करड्या रंगाची, हात फिरवला तर तळव्याला खरबरीत लागणारी. आतल्या बाजूला, नळाजवळ, रबरी चपलांचा एक जोड ओला होऊन पडला होता.

"ही कधी बसवली?"

"ते गेल्यावर."

"लगेच?"

"लगेच."

"नवरा हरवलाय, सगळं गाव नदीत शोधतंय, आणि तुम्ही गवंडी लावलात. का?"

बाईनं पाण्याचा पेला हवालदारांच्या हातात दिला.

"आम्ही उकरून पाहिली तर?"

"फरशीला हात लावायचा नाही," बाई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण हवालदारांनी पाणी न पिताच पेला खाली ठेवला. "माझी झडती घ्या, घराची घ्या, मला न्यायचं तर न्या. त्या फरशीला कुणी हात लावायचा नाही."

तेवढ्यात बाहेरच्या दाराशी काहीतरी पडलं. मुलगी आली होती. खांद्यावरची पिशवी तिच्या हातून सुटली होती, आणि ती आईकडे अशी बघत होती की चिकटबाईला तिथं उभं राहणं नकोसं झालं.

४

काचेचं दुकान खाली आणि घर वर. वर जायचं तर दुकानातूनच जावं लागे, आणि दुकानात जिकडे बघाल तिकडे तुम्हीच. समोरून, पाठीमागून, कमरेपर्यंत, नुसते पाय. हवालदार आपल्या पोटाची अशी चौफेर ओळख करून घेऊन जरा हिरमुसले.

धाकटा भाऊ जिना चढता चढता बोलत होता. "माझ्यावरही संशय आहेच ना तुमचा? असणारच. दुकान मला मिळालं. गिऱ्हाईक आरसा घेता घेता विचारतं, भावाचं काही कळलं का हो? मी नाही म्हटलं की माझ्याकडे न बघता आरशातल्या माझ्याकडे बघतं."

वर आजी बसली होती. बारीक, ताठ, पांढरेशुभ्र केस. डोळ्यांना पदर लावला, पण पदर कोरडाच खाली आला. दाराशी एक भरलेली पिशवी ठेवलेली होती.

"कुठं निघालात?"

"बहिणीकडे," धाकट्यानंच उत्तर दिलं. "मावशीचं सारखं दुखणं. आई अधूनमधून जाऊन राहते दोन दिवस. मी सोडायला येतो म्हटलं तर नको म्हणते, दुकान बंद पडेल म्हणते."

"बसा," आजी म्हणाली. "चहा ठेवते. त्या घरात तुम्हाला पाणी तरी दिलं का? देईल कशी! माझं लेकरू गिळून बसलीय आणि वर दवाखान्यात लोकांना औषधं वाटते."

टेबल नवीन दिसत होतं. चिकटबाईनं त्यावर कोपर टेकलं. तिची पेन्सिल घरंगळली आणि खाली गेली. फरशी एका बाजूला उतरती होती. ती वाकली. टेबलाच्या एका पायाखाली तांबड्या रबराची जाड चकती सारलेली होती, लांबट आकाराची, एका कडेला झिजून निमुळती झालेली.

"गेल्या वर्षी आणलं हे टेबल आईसाठी," धाकटा म्हणाला. "फरशी वाकडी, म्हणून डुगडुगायचं. मी सुताराला बोलावणार होतो, तर आईनं आपलं आपणच काहीतरी घातलं खाली."

"टाकायचं कशाला काही?" आजी आतून म्हणाली. "माझ्या घरात चिंधीसुद्धा वाया जात नाही."

चहा आला. आजी समोर बसली, आणि अचानक तिनं आवाज खाली आणला. "बाई, तुम्ही ती फरशी उकरणार असाल तर मी साक्ष देते. मी पाहिलंय. त्या रात्री तिला काहीतरी ओढत नेताना पाहिलंय, न्हाणीघराकडे."

"आई!" धाकटा ओरडला. "तू हे कधी बोलली नाहीस!"

"नातीसाठी गप्प राहिले. आता पोर मोठी झाली. आता लिहून घ्या. मी सही करते."

सही झाली. संध्याकाळपर्यंत ती बातमी वरच्या साहेबांपर्यंत पोचली, आणि ज्या साहेबांनी तळघराकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं ते स्वतः जिना उतरून खाली आले. परवा सकाळी गवंडी येतील, म्हणाले. फरशी उकरायची आणि बाईला त्याच गाडीतून आणायचं.

५

"आता काय राहिलं?" दुसऱ्या दिवशी हवालदार म्हणाले. "पाहिलेली साक्षीदार मिळाली."

"हवालदार, तुम्ही एखाद्याला मारलंत, तर त्याचे बूट तुम्हाला कुठं मिळतील?"

"त्याच्या पायात."

"मग नदीवर ठेवायला कुठले न्याल?"

"तेच की. पायातले काढून." हवालदार थांबले. "अरेच्चा."

"मारणाऱ्याला घातलेले बूट आयते मिळतात. तो कोरा जोड कशाला शोधत बसेल? कोरा जोड कुणी ठेवला असेल? आता दुसरं सांगा. तुमच्याकडे नवा आणि जुना असे दोन जोड आहेत, आणि लांब जायचंय. कुठला घालाल?"

"जुना. नवा चावतो."

"आणि पाय आधीच दुखरा असेल तर?"

हवालदारांनी आपल्या गुडघ्याकडे पाहिलं आणि टोपी उचलली. बाजारामागच्या गल्लीपर्यंत ते गुडघा सांभाळत चालले.

उस्तादाचं दुकान म्हणजे एक खोली आणि छत. छताला दोरीनं टांगलेले लाकडी पाय. एकेका गिऱ्हाइकाच्या पायाच्या मापाचे कोरलेले फर्मे. त्यांच्यावर चामडं ताणून बूट बांधायचा. उस्ताद म्हातारा, हात काळे, तोंड खुशालचेंडू. हवालदारांचा पाय मांडीवर घेऊन तो हळहळला. "साहेब, ह्या पायावर तुम्ही चोर पकडलेत? चोर फार सज्जन असणार."

"करा चांगला एक जोड," चिकटबाई म्हणाली. "हे इतके फर्मे? सगळे आठवतात कुणाचे ते?"

"माझं गिऱ्हाईक मी तोंडावरून ओळखणार नाही, पायावरून ओळखीन. आणि एकदा फर्मा केला की झालं असं नाही. पाय म्हातारा होतो. अंगठ्याचं हाड वाढतं, चवडा पसरतो. तिथं तिथं मी फर्म्याला चामड्याचं ठिगळ लावत जातो. माणसाबरोबर फर्माही म्हातारा करावा लागतो."

"आणि माणूस गेला की?"

"उतरवतो. तासून लहान पायाला कामाला येतो. मेलेल्याचा फर्मा टांगून काय करू?"

चिकटबाई टांगलेल्या पायांखालून हळूहळू फिरत होती. खिडकीजवळ तिनं हात वर केला आणि एक जोडी खाली ओढली. उजवा चारचौघांसारखा. डावा आखूड, अरुंद, आतल्या बाजूला वळलेला. असा पाय त्या छताला दुसरा नव्हता. त्याच्या अंगठ्यापाशी चामड्याचं ठिगळ होतं, त्यावर दुसरं, आणि त्यावर तिसरं, इतकं नवं की अजून पिवळं होतं.

"हा काचवाल्याचा," ती म्हणाली. "अकरा वर्षांपूर्वी बुडालेल्या काचवाल्याचा. पाण्याखाली हाड वाढतं का हो, उस्ताद?"

उस्तादानं हवालदारांचा पाय खाली ठेवला. तोंडावरचा खुशालपणा कुठल्या कुठं गेला.

"मी बूट करतो बाई. माणसं शोधत नाही."

"कोण घेऊन जातं? तो स्वतः येत नाही. गल्लीत कुणीतरी ओळखलं असतं. कोण येतं?"

"त्या माणसानं पाया पडून सांगितलंय कुणाला सांगू नका म्हणून. मला विचारू नका."

ती आणखी विचारणार होती. पण तिची नजर त्याच्या बसायच्या जागेखाली गेली. तिथं तांबड्या रबराची कात्रणं पडली होती, ढीगभर.

"तळ बुचाचा करता ना तुम्ही?"

"पूर्वी. आता चांगलं बूच मिळतंय कुठं? चार-पाच वर्षं झाली, जाड तळ सगळे ह्या रबराचे. झिजले की काढून नवे मारून देतो." विषय बदलला म्हणून त्याला जरा हायसं वाटलं होतं. "लोक जुना तळही मागून घेऊन जातात. टाकवत नाही काहींना."

हवालदार मोजे चढवत होते. वर पाहतात तो चिकटबाई फर्मा काखेत मारून गल्लीच्या टोकाला पोचलेली. बूट हातात घेऊन ते तिच्या मागं धावले.

६

गवंडी यायच्या दिवशी सकाळीच चिकटबाईनं सगळ्यांना दुकानाच्या वरच्या घरात बोलावलं. बायको भिंतीला टेकून उभी होती, मुलगी तिच्यापासून लांब, खिडकीशी. धाकटा भाऊ हात चोळत होता. आजी खुर्चीत.

"फरशी तिकडे आहे," आजी म्हणाली. "इकडे काय काम?"

"मला इथलं टेबल बघायचंय."

चिकटबाई गुडघ्यांवर बसली. एका हातानं तिनं टेबल उचललं आणि पायाखालची तांबडी चकती ओढून काढली. टेबल डुगडुगलं, कप कलंडला, चहा कडेपर्यंत आला आणि खाली ठिबकायला लागला. पुसायला कुणीच उठलं नाही. तिनं चकती टेबलावर ठेवली, पिशवीतून डावा फर्मा काढला आणि चकतीवर ठेवला. टाचेला टाच, चवड्याला चवडा. आतलं वळणसुद्धा जिथल्या तिथं बसलं.

"हा काचवाल्याच्या डाव्या बुटाचा तळ," ती म्हणाली. "नदीवरच्या बुटाचा तळ बुचाचा होता. उस्ताद चार-पाच वर्षांपासून रबर वापरतो. आणि ही कड बघा. लंगडत चालणाऱ्या माणसानं झिजवलेली आहे. म्हणजे अकरा वर्षांपूर्वी मेलेला माणूस गेल्या चार-पाच वर्षांत ह्याच्यावर भरपूर चालला."

"म्हणजे दादा..." धाकटा खाली बसला.

"जिवंत आहे. निघायच्या आधी त्यानं उस्तादाकडून नवा जोड घेतला, नदीवर ठेवला, आणि सवयीचा जुना घालून निघून गेला. पण त्या पायाचे बूट जगात एकच माणूस करतो, आणि त्याच्याकडे त्याला जाता येत नव्हतं. कुणीतरी नवे तळ नेणारं आणि जुने आणणारं हवं होतं. अधूनमधून दोन दिवस बाहेर जाणारं. सोडायला कुणी नको म्हणणारं. घरात चिंधी वाया जाऊ न देणारं."

सगळे आजीकडे वळले. आजी टेबलावरून ओघळणाऱ्या चहाकडे बघत होती. मग तिनं पदरानं तो पुसला, नीट, कडेपर्यंत.

"तिकडं त्याचं दुसरं घर होतं," ती म्हणाली. "आधीपासून. बाई होती, मूल होणार होतं. माझ्यापाशी येऊन रडला. आई, मला इथून सोडव म्हणाला. माझं लेकरू आधीच पायानं अधू. मी काय त्याला चारचौघांत नागवा होऊ देणार होते?"

"आणि सूनबाई?"

"बुडालेल्याला लोक कुठवर शोधतात? प्रेत मिळालं नाही की कुजबुज सुरू होते, पळून गेला असेल म्हणून. पण खून झाला म्हटलं की सगळे मारणाऱ्याकडे बघत बसतात. मेलेल्याकडे मग कोण बघतं?" आजी मान वर करून बोलत होती. "माझा मुलगा मला सोडून गेला नाही. तिला सोडून गेला."

चिकटबाईनं नोकरीत बऱ्याच खोट्या सह्या पाहिल्या होत्या, पण त्या क्षणी तिला त्या म्हातारीचा इतका संताप आला की बोलण्याआधी तिला फर्मा खाली ठेवावा लागला. "परवा तुम्ही सही केलीत. आज तुमच्या सुनेला बेड्या पडल्या असत्या."

"फरशी उकरली की काही सापडलं नसतं. सुटली असती."

"आजी."

मुलगी खिडकीशीच होती. आवाज अगदी हळू होता. "आजी, मी सात वर्षांची होते. मी अकरा वर्षं चप्पल घालून आंघोळ करतेय. पाणी नीट निथळलं नाही तरी मला वाटायचं बाबा खालून..."

आजी पहिल्यांदा रडली. ह्या वेळी पदर ओला झाला, पण मुलगी तिच्याकडे गेली नाही.

भिंतीला टेकलेली बायको मात्र अजून तशीच होती. सगळ्यांना वाटलं ती ओरडेल, सासूच्या अंगावर जाईल. ती चकतीजवळ आली आणि झिजलेल्या कडेवरून तिनं बोट फिरवलं.

"अजून बाहेरच्या कडेवरच जोर देतो," ती म्हणाली. इतके दिवस 'ते' म्हणणारी बाई आज 'तो' म्हणाली. "तो जायच्या आधी न्हाणीघरात घसरून पडला होता. दोन वर्षं म्हणत होता, खरबरीत फरशी बसवून घेऊ. मी म्हणायची, बघू पुढं. तो गेल्यावर बसवून घेतली. परत आला की घसरायला नको म्हणून."

"हे सांगितलं का नाहीत?" हवालदारांना राहवलं नाही. "आम्ही उकरायला निघालो होतो!"

"कुणाला सांगू? तुम्ही खरं मानलं असतं?" ती म्हणाली. "आणि ती उकरली असती, तर तो यायचा नाही हे मीच कबूल केल्यासारखं झालं असतं."

७

आजीकडून पत्ता घेऊन चिकटबाई काचवाल्याला भेटून आली. लांबच्या एका गावात तो आरसे विकत होता. केस पांढरे झाले होते, पायात उस्तादाचे बूट होते, आणि दुकानाच्या मागच्या खोलीतून एक मुलगा सारखा डोकावत होता. खोट्या बुडण्याचं काय करायचं ते वरचे साहेब बघणार होते. आता त्यांना तळघरातलं ते प्रकरण स्वतःच्या नावावर हवंहवंसं झालं होतं. आजीची सहीही त्यांच्याच टेबलावर होती. चिकटबाईला त्याचं फारसं वाटलं नाही. तिला दुसरीकडे जायचं होतं.

दार मुलीनं उघडलं. आई स्वयंपाकघरात होती. हवालदार नवे बूट घालून आले होते आणि दर पावलाला तोंड वाकडं करत होते.

"भेटले?" मुलीनं विचारलं.

"भेटले."

"काय म्हणाले?"

"आई कशी आहे, असं विचारलं."

"माझी आई?"

"त्याची."

मुलीनं मान हलवली. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता.

"आणि माझं काही विचारलं?"

हवालदारांनी चिकटबाईकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं, की मॅडम, एकदा, फक्त एकदा खोटं बोला. चिकटबाईच्याही तोंडाशी ते आलं होतं. पण त्या पोरीला अकरा वर्षं सगळ्यांनी खोटंच वाढलं होतं.

"नाही," ती म्हणाली.

स्वयंपाकघराच्या दारात आई आली होती, हात ओले, पुढं यावं की नाही हे न कळून.

"गवंड्याला सांगितलंय मी," आई म्हणाली. "उद्या येईल. काढून टाकू ती फरशी. आता कशाला हवी?"

"नको," मुलगी म्हणाली. "मला आवडते ती. पाय सरकत नाही."

एवढं म्हणून तिनं दोरीवरचा टॉवेल ओढला आणि ती आत गेली. दार लागलं. लगेच पुन्हा जरासं उघडलं, आतून एक हात बाहेर आला आणि रबरी चपलांचा जोड उंबऱ्याबाहेर ठेवून गेला.

आई त्या चपलांकडे बघत राहिली. आत नळ सुरू झाला. चिकटबाईनं हवालदारांना खूण केली आणि दोघं आवाज न करता बाहेर पडले.